‘डेम्लो’ संख्या : शब्द कुठला आणि वापरायचा कशासाठी?

प्रश्न असा : १२३४५६७८९८७६५४३२१ हिला ‘डेम्लो संख्या’ म्हणतात. हा शब्द ग्रीक आहे का, आणि त्याऐवजी ‘विलोम संख्या’ (दोन्हीकडून सारखी वाचता येणारी) म्हटलं तर चालेल का?

शब्द आपल्या डोंबिवलीचा आहे. देवळालीला शिक्षक असलेले गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांना ही कल्पना जी.आय.पी. (आजच्या मध्य) रेल्वेच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्टेशनात सुचली. म्हणून हे विशेषनाम आहे, त्याचं भाषांतर करू नये.

‘विलोम’ तर नकोच, अर्थच बदलतो. ही संख्या ‘ती होडी जाडी होती’सारखी दोन्हीकडून सारखी वाचता येते हे खरं, पण डेम्लोपण त्यात नाही. डावा भाग आणि उजवा भाग यांची बेरीज केली की मधलाच अंक, एकदा किंवा पुन्हा पुन्हा, मिळायला हवा. १६५ घ्या : १ + ५ = ६. उलटी वाचली तर ५६१, तरी डेम्लो. १५५१ दोन्हीकडून सारखी, पण १ + १ = २, म्हणून डेम्लो नाही. आपल्या संख्येत मध्ये ९ आहे आणि १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९.

ही १११११११११ चा वर्ग आहे. गुणाकार कागदावर मांडा : एककांच्या (म्हणजे १ या अंकांच्या) नऊ ओळी, प्रत्येक एक घर डावीकडे सरकलेली. स्तंभांत १, २, ३… असे एकक जमत मधल्या स्तंभात ९ होतात आणि पुन्हा उतरतात. कुठेच हातचा येत नाही, सगळं सौंदर्य त्यामुळेच. दहा एककांच्या संख्येचा, म्हणजे ११११११११११ चा, वर्ग केला की मधल्या स्तंभात १० जमतात, तिथे शून्य मांडून हातचा १ शेजारच्या ९ मध्ये जातो, तिथेही शून्य होऊन पुढच्या ८ चे ९ होतात. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डौल मोडला.

अवयव पाडले तर ३⁴ × ३७² × ३३३६६७², म्हणजे एकूण ४५ विभाजक. पडताळा एक्सेलमध्ये घेऊ नका. तिथे पंधराच अंक टिकतात, शेवटचे २१ जाऊन ०० येतात आणि भागाकार चुकतो. हातानेच करावा.

अंकांची बेरीज ८१. संख्येला ८१ ने निःशेष भाग जातो, भागाकार १५२४१५७८९९७१०४१. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनीच ‘हर्षद’ म्हटलं : हर्ष देणारी, ‘सुखद’मधल्यासारखा ‘द’. म्हणजे ही संख्या डेम्लोही आहे आणि हर्षदही. काही जण ‘हर्षित संख्या’ लिहितात ते चूक, कारण हर्षित म्हणजे स्वतः आनंदलेली.

मोठ्याने वाचायची तर : १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१. जुन्या स्थाननामांत पहिला १ ‘मध्य’ या घरात बसतो, परार्धाच्या एक घर अलीकडे.