निवृत्तीनंतर थंडीचे महिने मेक्सिकोतल्या आहिहीकमध्ये काढले तर नाटक-गाण्याची हौस भागते का?

भागते, चांगली भागते. पण ‘पुण्यासारखं काही बघायला मिळेल का’ असं तुम्ही विचारलंय, तर तसं नाही. बघायला कमी आणि करायला जास्त, असा तिथला मामला आहे. आम्ही दोघं शिकागोची थंडी चुकवायला तिकडे जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आहिहीक हे हालिस्को राज्यातलं, चापाला तळ्याकाठचं गाव. मेक्सिकोतलं हे सगळ्यात मोठं तळं. ग्वादालाहारा शहरापासून गाडीने तासाभरावर, उंची साधारण १,५०० मीटर, म्हणून हवा बारा महिने सुखाची. त्या हवेपायीच अमेरिका-कॅनडातली निवृत्त मंडळी इथे कित्येक दशकं येऊन राहताहेत. त्यांची ‘लेक चापाला सोसायटी’ ही संस्था १९५५ची आणि लेकसाइड लिटल थिएटर ही हौशी इंग्रजी नाट्यसंस्था १९६५ची. सगळे बिनपगारी. हंगाम पावसाळा सरता सरता सुरू होतो आणि वसंतापर्यंत चालतो.

नाट्यगृह इवलंसं आहे, मागच्या रांगेतूनही नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो. दर्जाचं म्हणाल तर विनोदी नाटक छान रंगतं, खुनाचं रहस्य तर झकास. प्रेमकथेत थोडी पंचाईत होते. संहितेत नायक-नायिका पस्तिशीचे, रंगमंचावर दोघं सत्तरीच्या आसपास! सुरुवातीला हसू येतं, मग विसरायला होतं. उतारवयातल्या बालगंधर्वांना नायिका म्हणून डोक्यावर घेणाऱ्यांची आपण नातवंडं, आपल्याला हे जड जाऊ नये.

माझा सल्ला असा, की नुसतं तिकीट काढून बसू नका, विंगेत शिरा. इंग्रजी उच्चारांची लाज वाटत असेल तर प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू, सांभाळा, कपडेपट बघा. आपल्याकडे मंडळाच्या गणपतीत किंवा राज्य नाट्य स्पर्धेत ज्यांनी सतरंज्या उचलल्यात, त्यांना हे काम नव्याने शिकावं लागत नाही. माझ्याकडे प्रॉपर्टी असते. जुन्या काळातलं नाटक असलं की नटांना चष्मा काढावा लागतो आणि चष्म्याशिवाय निम्म्यांना पायऱ्या दिसत नाहीत. मग पायऱ्यांच्या कडांना पांढरी चिकटपट्टी लावायची, विंगेत एक खुर्ची ठेवायची, आणि ‘एंट्री’ जवळ आली की त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवायचा. कारण कानातलं यंत्रही बऱ्याचदा काढलेलं असतं. तिसऱ्या घंटेआधी पोटात गोळा मात्र तोच येतो, दादरला असो की तळ्याकाठी. गावात ओळखीपाळखी होतात त्या तिथेच. पार्टीत भेटलेली माणसं नावं विसरतात, तालमीतली नाही.

आता गाण्याबद्दल. इंग्रजी बोलणाऱ्यांची आवड हॉटेलांतून भागते. जुनी रॉक गाणी, जॅझ, कुणीतरी गिटार घेऊन बसलेलं. बरं असतं. पण तेवढ्यावर थांबलात तर हालिस्कोत येऊन काय मिळवलंत? मारियाची हे लोकसंगीत याच मुलखातलं, युनेस्कोने २०११ मध्ये वारसा म्हणून नोंदवलेलं. सुटीच्या दिवशी तळ्याकाठच्या मालेकोनवर, म्हणजे फिरायच्या रस्त्यावर, वादक फिरत असतात. गाण्याचे पैसे आधी विचारायचे, मग फर्माईश. ‘गितार्रोन’ म्हणजे पोट सुटलेली भलीमोठी गिटार, तिचा खर्ज शेजारच्या टेबलावर बसल्याशिवाय कळत नाही. ट्रम्पेटवाल्याच्या मात्र थोडं लांबच बसा.

नोव्हेंबरच्या शेवटी जमलं तर अवश्य या. ३० नोव्हेंबरला गावच्या सान आंद्रेस या संताचा सण, त्याआधी नऊ दिवस जत्राच. पहाटे दारूकाम, रात्री चौकात ट्युबा-ढोलांचे बँड उशिरापर्यंत. परदेशी मंडळींतले काही दरवर्षी आवाजाबद्दल कुरकुरतात. मला ते पटत नाही. आपण त्यांच्या गावात राहायला गेलोय, ते आपल्या नाही. झोप महत्त्वाची असेल तर चौकापासून दूर घर बघा, एवढाच उपाय.

भारी संगीत ऐकावंसं वाटलं तर ग्वादालाहाराचं देगोयादो नाट्यगृह आहे, १८६६चं. हालिस्को फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद तिथे वाजवतो. रात्री परतताना गाडी स्वतः चालवू नका, चारजणांत मिळून चालकासह गाडी ठरवा.

थोडी स्पॅनिश शिकून या. इंग्रजीवर गाव निभावतं खरं, पण मग चौकातल्या बँडवाल्याशी दोन शब्द बोलता येत नाहीत.

आणि तुमच्या यजमानांची पेटी नेऊ का, असं विचारलंय. जरूर न्या. हिवाळ्यात हवा कोरडी असते, त्रास नाही. जूनपासून पाऊस लागतो, तेव्हा पट्ट्या अडकतात. त्याआधी परत या, नाहीतर पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.