पोरगा पोलिसात सापडला, "राहू दे आतच, अक्कल येईल" म्हणावं का?

पोरगा सापडला की घरोघरी हेच विचारतात. नागपूरच्या पाचपावलीकडचे एक नवरा-बायको माझ्याकडे आले होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत), पोट्टा १७ चा, दहावीनंतर शाळा सुटलेली, दोन मोठ्या पोट्ट्यांसोबत मोबाईल हिसकावताना सापडला. बाप म्हणे, मी जामीन घेत नाही जी, राहू द्या थोडे दिवस. माय रडत होती, याले आता कोण नोकरी देईल ताई.

मायला आधी सांगितलं की १८ च्या आतल्या पोराला जेलात किंवा लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही, २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं, आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ म्हणतं की अशा केसमुळे पुढे त्याला अपात्र ठरवता येणार नाही. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो.

बापाचं अवघड होतं. जामीन नाही झाला तर पोराला निरीक्षणगृहात ठेवतात, आणि तिथं पोरं सुधारण्यापेक्षा नवे दोस्त जास्त करतात हे मी बघत आलेय. पण सुटल्यावर तो पुन्हा त्याच टोळक्यात जाईल असं दिसलं तर मंडळ जामीन नाकारू शकतं, म्हणजे खरा प्रश्न हा की संध्याकाळी चार ते नऊ हा पोट्टा कोणाजवळ असेल?

बापाकडे उत्तर नव्हतं, तो रात्रपाळीचा ऑटो चालवतो. मग मामाला बोलावलं, त्याचं इंदोऱ्याला गाड्यांचं गॅरेज आहे, तो तयार झाला, आणि वस्तीतल्या फुटबॉलवाल्या दादानं रविवार घेतला. नागपूरला हे नवीन नाही, वस्तीतल्या पोरांना फुटबॉलला लावणारं विजय बारसे सरांचं स्लम सॉकर २००१ पासून इथलंच आहे. जामीन झाला. मधे एकदा पोट्टा गॅरेजमधून पळाला तेव्हा मामा स्वतः रात्री शोधत फिरला, हात न उगारता घेऊन आला, आणि मला वाटतं तिथंच सगळं फिरलं. पुढे मंडळानं समुपदेशन आणि समाजसेवा दिली, ती त्यानं पूर्ण केली.

तुमच्या घरी हे आज घडलं असेल तर बाप्पा आधी प्रोबेशन अधिकाऱ्याला गाठा. पोराच्या घरादाराचा सामाजिक तपास अहवाल तेच मंडळाला देतात. मामा, काका, शेजारी, जो कोणी रोज वेळ देणार आहे त्याला सोबत घेऊन जा, नुसतं "आम्ही लक्ष देऊ" म्हणू नका, कोण, कधी, कुठं ते सांगा.