वाचकांचे प्रश्न : वंशावळीचा प्रोग्रॅम नवा घ्यावा की जुनाच चालवावा?

प्रश्न : आमच्या घराण्याची सुमारे १,८०० माणसांची वंशावळ ग्रॅम्प्स या प्रोग्रॅमच्या ५.१ आवृत्तीत भरलेली आहे, सोबत जुन्या कागदांचे फोटो. संगणक विंडोज ७ चा. आता ६.० वर जावं का? बिघडलं तर परत जुन्यावर येता येईल का? (सातारा)

उत्तर : आधी शेवटचा प्रश्न घेऊ. परत येता येत नाही. ६.० मध्ये जुनी वंशावळ उघडली की रूपांतर करायचं का, असं विचारलं जातं. ‘हो’ म्हटलंत की माहिती साठवायची पद्धतच बदलते आणि ५.१ ला ती वाचता येत नाही. जुना प्रोग्रॅम पुन्हा टाकूनही उपयोग नाही, कारण बदललेली असते तुमची माहिती.

तुमच्याकडे संगणकाचाही अडसर आहे. ६.० ला पायथन (ग्रॅम्प्स ज्या संगणकीय भाषेत लिहिलाय ती) ३.९ किंवा पुढची आवृत्ती लागते आणि ती विंडोज ७ वर चालत नाही. त्या विंडोजचे सुरक्षा-अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबले. एवढं काम तशा यंत्रावर ठेवणं आम्हाला धोक्याचं वाटतं. तेव्हा नव्या आवृत्तीवर जा, पण दुसऱ्या संगणकावर. जुना आहे तसाच राहू द्या.

बॅकअप घ्यायचा तो ५.१ मधूनच. आधी टूल्समधलं ‘चेक अँड रिपेअर’ चालवा. मग ‘फॅमिली ट्रीज’ मेनूतून ‘मेक बॅकअप’ घ्या आणि फोटोंसकट हा पर्याय निवडा. तो चुकला तर फाइलीत नावं येतील, कागदांचे फोटो मागे राहतील. ही फाइल पेन ड्राइव्हवर घ्या, नव्या संगणकावर ६.० मध्ये रिकामी वंशावळ तयार करा आणि तिच्यात इम्पोर्ट करा. माणसं, कुटुंबं आणि फोटो यांचे आकडे दोन्हीकडे जुळले पाहिजेत.

आकडे जुळले म्हणून थांबू नका. सगळ्यात अवघड अशी दहा माणसं निवडून दोन्ही पडद्यांवर शेजारी शेजारी पाहा. दत्तक गेलेला मुलगा जन्मदात्या आणि दत्तक अशा दोन्ही घरांत दिसतो का? दोन लग्नं झालेल्याची मुलं आपापल्या आईखालीच आहेत का? लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं माहेरचं नाव मुख्य आणि सासरचं ‘मॅरिड नेम’ म्हणून पर्यायी, असं राहिलंय का? मामेबहिणीशी लग्न झालं असेल तर ते जोडपं तक्त्यात दोन ठिकाणी येतं, तो दोष नव्हे.

शके तारखा वेगळ्याने तपासा. ग्रॅम्प्सच्या कालगणनांत शक नाही, त्यामुळे ‘चैत्र शके १७८५’ लिहिलं तर ते नुसता मजकूर म्हणून राहतं आणि वयाच्या हिशेबात धरलं जात नाही. तारखेच्या रकान्यात १८६३ घाला, मूळ नोंद टिपणात अक्षरशः ठेवा. शकात ७८ मिळवायचे, पण पौष-माघाच्या सुमारास इंग्रजी वर्ष उलटलं की ७९.

अ‍ॅड-ऑन (प्रोग्रॅमला वरून जोडायच्या जास्तीच्या सोयी) नव्या आवृत्तीसाठी पुन्हा घ्यावे लागतात. तुमचा नेहमीचा तक्ता त्यातल्या एखाद्यावर छापत असाल, तर तो ६.० साठी निघालाय की नाही हे आधी बघा.

प्रश्न : न्यू जर्सीचे मेहुणे गेडकॉम फाइल (वंशावळ एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेण्यासाठीची) पाठवतात. मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात. आम्ही नवं सॉफ्टवेअर घेतलं तर सुधारेल का? (पुणे)

उत्तर : नाही, कारण दोष बहुधा तिकडचा आहे. फाइल नोटपॅडमध्ये उघडा. वरच्या ओळींत सी-एच-ए-आर या खुणेपुढे यूटीएफ-८ (देवनागरीसकट सगळ्या लिपी साठवणारी पद्धत) असायला हवं. तिथे अ‍ॅन्सेल असेल तर त्या जुन्या अक्षरसंचात देवनागरी नाहीच. फाइल लिहितानाच अक्षरं गेली आणि त्यांच्या जागी प्रश्नचिन्हं बसली. नुसती ती खूण हातानं बदलून अक्षरं परत येत नाहीत. मेहुण्यांना यूटीएफ-८ निवडून पुन्हा निर्यात करायला सांगा. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये तो पर्याय नसेल, तर अपग्रेड त्यांनी करायचं.

दुसराही प्रकार दिसतो : प्रश्नचिन्हांऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि चलनाची खूण, पुन्हा पुन्हा. ते दिसलं तर घाबरू नका. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला तीन बाइट लागतात, ते सुटे सुटे वाचले गेले एवढंच. मजकूर शाबूत आहे. मात्र त्याच अवस्थेत फाइल पुन्हा सेव्ह करू नका. बंद करा आणि इम्पोर्ट करताना यूटीएफ-८ निवडा.

नेहमीच्या गेडकॉममध्ये फोटो नसतात, फोटोंचे पत्तेच असतात, म्हणून फोटोंचं फोल्डर वेगळं मागवा. २०२१ च्या गेडकॉम ७ मध्ये यूटीएफ-८ सक्तीचं आहे आणि फोटोंसकट एकच झिप फाइल करण्याची सोयही, पण दोन्हीकडचे प्रोग्रॅम ती आवृत्ती वाचणारे हवेत.