उसाच्या रानातून निघणारा कार्बन डायऑक्साइड मोजायचा तर सेन्सरआधी कडं नीट बसवा

तुम्ही विचारलंय की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-निपाणी पट्ट्यात उसाच्या रानातून किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो ते कमी खर्चात कसं मोजायचं, त्याला एमक्यू-135 हा स्वस्त वायू-सेन्सर चालेल का आणि पाचट जाळण्याऐवजी कुजवलं तर आकड्यात फरक दिसेल का.

एमक्यू-135 नको. तो अमोनिया, अल्कोहोल, धूर सगळ्यालाच हलतो आणि हवेतल्या दमटपणालाही. शेणखत घातलेल्या रानात तो नेमकं काय मोजतोय ते कळणारच नाही. अवरक्त किरणांवर चालणारा एनडीआयआर सेन्सर घ्या, उदाहरणार्थ एससीडी30 किंवा एमएच-झेड19. त्यातलं स्वयंचलित कॅलिब्रेशन आधी बंद करा. नाहीतर मधल्या काळात दिसलेला सगळ्यात कमी आकडा म्हणजेच बाहेरची 400 पीपीएम (दहा लाखात 400 भाग) हवा असं तो धरून चालतो.

पद्धत अशी: जमिनीत एक कडं बसवायचं, त्यावर झाकण ठेवून बंद पेटी करायची आणि आतला वायू किती वेगानं वाढतो ते बघायचं. कड्यासाठी आठ इंची पीव्हीसी पाइपचा 10 सें.मी. उंचीचा तुकडा कापा, खालची कड कानशीनं धारदार करा आणि 5 सें.मी. जमिनीत बसवा. खानापूरकडच्या जांभ्याच्या खडकाळ रानात हातोडा मारलात तर पाइप तडकेल. तिथे आधी सुरीनं गोल खाच पाडून घ्या. बसवताना मुळं तुटतात, माती हलते, म्हणून पहिल्या दिवसाचा आकडा फुगलेला येतो. निदान एक रात्र जाऊ द्या आणि आतलं तण मोजणीच्या आदल्या दिवशीच कापून टाका. कडं हंगामभर तिथंच राहू दे, दर वेळी काढून घालू नका.

झाकण म्हणजे त्याच पाइपचा 10 सें.मी.चा तुकडा, वरून बंद केलेला. सांध्यावर मोटारीच्या जुन्या ट्यूबचा पट्टा चढवा. आत सेन्सर बसवा, संगणकातला छोटा पंखा मंद फिरवा आणि बाजूला बारीक नळी बाहेर काढा. ती नळी नसली तर झाकण दाबताना आतली हवा मातीत ढकलली जाते आणि आलेखाची सुरुवातीची रेघ वाकडी येते. झाकण पांढरं आणि अपारदर्शक हवं. पारदर्शक ठेवून आत रोप घेतलंत तर पान वायू ओढून घेतं आणि तुम्हाला मातीचं श्वसन नव्हे तर वजाबाकी मिळते.

झाकण ठेवल्यावर 3 मिनिटं नोंद घ्या. पहिली 30 सेकंद सोडा आणि उरलेल्या आकड्यांना सरळ रेघ बसवा. सेन्सरचा मूळ आकडा 30 पीपीएमनं चुकीचा असला तरी बिघडत नाही, चढ, म्हणजे आकडा वाढण्याचा वेग, बरोबर हवा. समजा चढ सेकंदाला 0.6 पीपीएम आहे. पेटी सरळ नळीसारखी असल्यानं आकारमान भागिले क्षेत्रफळ म्हणजे मातीपासून झाकणापर्यंतची उंचीच, इथे 0.15 मीटर. व्यासाची भानगडच नाही, पण उंची चार ठिकाणी पट्टीनं मोजा: एक सें.मी. चुकलात तर उत्तर जवळपास 7 टक्क्यांनी चुकतं. बेळगाव साधारण 750 मीटर उंचीवर आहे, तिथला हवेचा दाब सुमारे 925 हेक्टोपास्कल. त्या दाबाला आणि 27 अंशांना एक घनमीटरमध्ये हवेचे 37 मोल (वायूचं प्रमाण मोजायचं एकक) बसतात. 0.6 × 0.15 × 37, म्हणजे 3.3 मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद. त्याला 0.158 नं गुणलं (मायक्रोमोलचे ग्रॅम आणि सेकंदाचा तास करायला) की चौरस मीटरमागे तासाला सुमारे अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. हवामानाच्या ॲपमधला दाब घेऊ नका, तो समुद्रसपाटीला आणलेला असतो. तो घातला तर आकडा उगाच 9 टक्क्यांनी वाढेल.

सरीत एक आकडा येईल, वरंब्यावर दुसरा. दोन्हीकडे निदान चार-चार कडी ठेवा आणि सरासरी काढताना प्रत्येकाची रुंदी धरा. मोजणी सकाळी 9 ते 11, सोबत 5 सें.मी. खोलीवरचं तापमान आणि ओल. पेटीवर वाकून बसू नका, तुमचा श्वास 40,000 पीपीएमचा आहे. काळ्या रानात भेग कड्याखालून गेली की तिथून वायू निसटतो. ते कडं बाद करा, माती भरून चालवून घेऊ नका. वळवाचा पहिला पाऊस सुक्या जमिनीवर पडला की आकडा एकदम उसळतो, कारण सुप्त जिवाणू जागे होतात. ती उसळी खरीच असते, पण तिच्यावरून वर्षाचा हिशोब काढू नका. पाणी दिलं असेल तर वाफसा येईपर्यंत थांबा.

पाचटाचं म्हणाल तर कड्यात तेवढ्याच क्षेत्राचं पाचट कापून, वजन करून ठेवा. पाचट ठेवलेल्या रानाचा आकडा जाळलेल्या रानापेक्षा जास्तच येईल, त्याला घाबरू नका. जाळलेल्यातला वायू काही मिनिटांतच वर गेला, पेटीला तो दिसलाच नाही. खरी तुलना हवी तर जाळण्याआधी एक चौरस मीटरमधलं पाचट वाळवून तोला. सुक्या वजनाच्या 40 ते 45 टक्के कर्ब असतो, म्हणजे किलोमागे दीड किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. जाळलेल्या रानाच्या खात्यात तो आधी जमा करा, मग दोन्ही रानांचे आकडे शेजारी मांडा.