बी.आर्क. नंतर डिजिटल डिझाइनमध्ये मास्टर्स: लंडन, स्टुटगार्ट, झुरिक की अमेरिका?

तुझा प्रश्न असा की मुंबईतून बी.आर्क. झालंय, दोन वर्षं अंधेरीच्या ऑफिसात नोकरी केलीय, राइनो-ग्रासहॉपर (थ्रीडी मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर आणि त्यात नियमांनी फॉर्म काढायचं टूल) बऱ्यापैकी येतं, तर लंडनचं एए (आर्किटेक्चरल असोसिएशन), जर्मनीतलं स्टुटगार्ट विद्यापीठ, झुरिकचं ईटीएच आणि अमेरिकेतलं एमआयटी यातलं डिजिटल डिझाइनसाठी बेस्ट कुठलं. वयाने लहान असशील म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

मी लोअर परळला फसाड (इमारतीच्या बाहेरच्या आवरणाच्या) कन्सल्टन्सीत आहे आणि नवीन लोक घेताना पोर्टफोलिओ माझ्याकडे येतात, त्यावरून सांगतो, रँकिंग बघून हे ठरवू नकोस. चारही ठिकाणी शिकवतात ते मुळातच वेगळं आहे. आधी हे ठरव की तुला फॉर्म काढायचाय, हाताने (म्हणजे रोबोटने) बनवायचंय, की कोडच लिहायचाय.

फॉर्म आणि स्पेसची ओढ असेल तर एएचं डीआरएल (डिझाइन रिसर्च लॅब). 1997 पासून चालू आहे, 16 महिन्यांचा कोर्स, आणि थीसिस टीममध्ये करावा लागतो, एकट्याचा नसतो. हे लोक आधी लक्षातच घेत नाहीत. चार-पाच जणं वेगवेगळ्या देशांतली, रात्रंदिवस एकत्र, एकाच प्रोजेक्टवर, तर तुला एकट्यानेच काम करायची सवय असेल तर जड जाईल. पॅट्रिक शूमाखर डीआरएलच्या संस्थापकांपैकी एक, आणि आर्किटेक्ट झाहा हदीदच्या ऑफिसशी ह्या कोर्सचं नातं जुनं आहे. आपलं नवी मुंबई विमानतळाचं टर्मिनल त्याच ऑफिसचं डिझाइन आहे, ते बघून ये एकदा, आणि असं काम आयुष्यभर करायला आवडेल का ते स्वतःला विचार.

स्टुटगार्टचा आयटेक हा मास्टर्स कोर्स मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो, लपवत नाही. आखिम मेंगेस यांची आयसीडी आणि यान क्निपर्स यांनी अनेक वर्षं चालवलेली आयटीकेई ह्या दोन इन्स्टिट्यूट मिळून तो चालवतात, एक आर्किटेक्टची आणि एक स्ट्रक्चरवाल्यांची, म्हणून तिथे मटेरियल कसं वागतं इथूनच डिझाइन सुरू होतं. त्यांचे रिसर्च पॅव्हेलियन (प्रयोग म्हणून उभे केलेले छोटे मंडप) बघ, 2013-14 चा तर बीटलच्या पंखावरच्या कवचाचा अभ्यास करून रोबोटने काचेचे आणि कार्बनचे धागे गुंडाळून केलेला, आणि तो डिझाइन करण्यापासून उभा करण्यापर्यंत विद्यार्थी त्यात होते. कोर्स चार सेमिस्टर, इंग्रजीत, आणि युरोपबाहेरच्या मुलांना त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात फी सेमिस्टरला 1500 युरो, वर थोडी सेमिस्टर काँट्रिब्युशन. लंडन-अमेरिकेच्या फीपुढे हे काहीच नाही. राहण्याखाण्याचे पैसे मात्र व्हिसाआधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) दाखवावे लागतात, ते घरी आत्ताच बोलून ठेव.

ईटीएचचा डिजिटल फॅब्रिकेशनचा (कॉम्प्युटरवरून मशिनने बनवण्याचा) एमएएस हा मास्टर्स कोर्स एका वर्षाचा, झुरिक खूप महाग. पण 2006 ला रोबोटने विटा रचून गांटेनबाइन वायनरीची भिंत करणारे ग्रामाझिओ-कोहलर हे दोघे आर्किटेक्ट तिथलेच, तेव्हा बांधण्यातच रस असेल तर नक्की विचार कर.

एमआयटीचं एसएमआर्कएस कम्प्युटेशन (आर्किटेक्चरमधल्या मास्टर्सची कम्प्युटेशन शाखा) वेगळंच प्रकरण आहे, दोन वर्षांचं, रिसर्चकडे झुकलेलं. शेप ग्रामरवाले (आकारांचं व्याकरण मांडणारे) जॉर्ज स्टिनी तिथले, म्हणजे डिझाइनचा विचार नियमांत कसा मांडायचा हा प्रश्न तिथे खोलवर चालतो. पुढे पीएचडी किंवा सॉफ्टवेअर असं डोक्यात असेल तर जा, नुसतं चांगल्या ऑफिसात लागायचं असेल तर एवढा खटाटोप नको. अमेरिकेतल्या कुठल्याही कोर्सला अर्ज करताना तो स्टेममध्ये (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, मॅथ्स) मोडतो का हे कॉलेजला मेल करून लेखी विचार, कारण ओपीटीच्या (शिक्षणानंतर तिथे काम करायच्या परवानगीच्या) 12 महिन्यांवर आणखी 24 महिने मिळणं त्यावर अवलंबून असतं आणि लोन फेडायचं गणित सगळं तिथेच फिरतं. तिथेच आर्किटेक्टचं लायसन्स घ्यायचं असेल तर आणखी एक गोष्ट, हे असले पोस्ट-प्रोफेशनल (बी.आर्क.सारख्या डिग्रीनंतरचे) कोर्स नाब (आर्किटेक्चरच्या डिग्रींना मान्यता देणारी तिथली संस्था) मान्यतेचे नसतात, त्यासाठी सहसा प्रोफेशनल एम.आर्क. लागतं.

नोकरी सोडणं शक्य नसेल तर बार्सिलोनाच्या आयएएसी ह्या कॉलेजचा मॅकॅड हा मास्टर्स कोर्स ऑनलाइन आहे, तो बघ.

आता पोर्टफोलिओ, यावर मला जास्त बोलायचंय. मुंबईची मुलं थीसिसचे चकाचक रेंडर पाठवतात आणि ग्रासहॉपरच्या वायरींचा एक स्क्रीनशॉट, की झालं. समोरच्याला बघायचं असतं तू प्रश्न कसा मांडलास, काय फसलं, मग काय बदललंस. आपल्या सोसायटीची पश्चिमेची बाल्कनी घे, मुंबईची वेदर फाइल फुकट मिळते, लेडीबगमध्ये (ग्रासहॉपरमधलं ऊन-हवामान तपासायचं प्लगइन) टाक, छज्जा किती बाहेर काढला तर एप्रिलचं दुपारचं ऊन अडतं आणि जुलैची झड आत येत नाही, ह्याचे पन्नास पर्याय काढ, एक निवड, कार्डबोर्डचं मॉडेल कर आणि ते का निवडलं ते लिही. (झडीचं लेडीबगमध्ये नाही निघणार, ते भर पावसात उभं राहून मोजावं लागेल, आणि तेही लिही.) किंवा रिडेव्हलपमेंटचे प्लॅन करत असशील तर पार्किंग आणि एफएसआयची आकडेमोड करणारी छोटी पायथन स्क्रिप्ट लिही. असलं काम मी कुठल्याही गुळगुळीत टॉवरच्या आधी बघतो.

आणि अर्ज करण्याआधी प्रत्येक कोर्सचे मागच्या दोन वर्षांचे थीसिस बघ, वेबसाइटवर असतात. तिथल्या दोन-तीन मुलांना लिंक्डइनवर मेसेज कर, भारतीय हमखास सापडतात, आणि एवढंच विचार की रोबोट, लेझर कटर प्रत्यक्षात किती वेळ हाताला मिळाला आणि आता काय काम करतोय. जाण्याआधी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं रजिस्ट्रेशन झालं नसेल तर करून घे, परत आल्यावर स्वतःचं काम सुरू करायचं म्हटलं तर ते लागणारच.