डावखुऱ्या लेकीला कोणतं रीळ घ्यावं?

ताई, तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसलो. मी स्वतः डावखुरा आहे आणि गोव्यातल्या शापोरा नदीच्या काठी रॉड घेऊन मासे गरवायला लागून मला आता तीस वर्षं होत आली. तुम्ही लिहिलंय की लेक अकरावीत आहे, डावखुरी आहे. आजोबांच्या जुन्या स्पिनिंग रिळाचं हँडल डाव्या बाजूला आहे आणि त्यामुळे तिचा हात बसत नाही. दुकानदार म्हणतो डावखुऱ्यांचा रॉड वेगळा असतो, मागवावा लागेल. म्हणून तुम्ही ऑनलाइन एक 'लेफ्ट हँड' बेटकास्टर (रॉडच्या वर बसणारं) रीळ बघून ठेवलंय.

ते रीळ घेऊ नका. तिच्यासाठी ते नेमकं उलटं आहे.

'लेफ्ट हँड' हे शब्द माणसाच्या हाताबद्दल नसतात, हँडल कुठल्या बाजूला आहे त्याबद्दल असतात. हँडल डावीकडे म्हणजे डाव्या हाताने गुंडाळायचं आणि रॉड उजव्या हातात धरायचा. म्हणजे 'लेफ्ट हँड' रीळ जास्त करून उजव्या हाताची माणसंच घेतात. तुमच्या लेकीने डाव्या हाताने फेकायचं, त्याच हातात रॉड ठेवायचा आणि उजव्या हाताने गुंडाळायचं, तर तिला हवं ते 'राइट हँड' रीळ. बेटकास्टरमध्ये दुकानात सगळ्यात सहज मिळतं तेही हेच. शिमानोच्या काही मॉडेलांत 150 म्हणजे हँडल उजवीकडे आणि 151 म्हणजे डावीकडे, डायवाच्या डाव्या रिळाच्या नावापुढे बहुधा 'एल' असतो. खोक्यावरचा आकडा नीट वाचा आणि दुकानात 'डावखुऱ्यांचं द्या' असं न म्हणता 'हँडल उजवीकडे असलेलं द्या' असं सांगा. अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

आता मूळ गोष्ट. डावखुरा की उजवा, हा प्रश्न रीळ घेताना दुसरा येतो. पहिला प्रश्न असा की मासा लागल्यावर रॉड कुठल्या हातात असेल, आणि फेकल्यापासून मासा काठाला येईपर्यंत तो त्याच हातात राहील का? हे मला महागात पडून कळलं. सुरुवातीची काही वर्षं माझ्याकडे डाव्या हँडलचं स्पिनिंग रीळ होतं. डाव्या हाताने फेकायचो, लूर (खोटं आमिष) पाण्यावर पडला की रॉड उजव्या हातात घ्यायचो आणि डाव्याने गुंडाळायचो. एरवी त्यात काही बिघडत नाही. पण आपला चोणक (रायगडकडचे लोक ज्याला जिताडा म्हणतात) पुष्कळदा लूर पडल्या पडल्या, दोरी अजून सैल असतानाच झडप घालतो. एका पावसाळ्यात मानशीच्या (खाडीच्या बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) तोंडाशी, दोन्ही हात रॉडच्या अदलाबदलीत असताना, तो लागला. दोरी ताणेपर्यंत त्याने पाण्याबाहेर उडी मारली, डोकं झटकलं आणि लूर हवेत सुटून परत माझ्याकडे आला. इतका मोठा चोणक त्यानंतर मला बरीच वर्षं लागला नाही. त्या रात्री घरी येऊन मी हँडलची बाजू बदलली.

तुमच्या घरीही हेच करायचं आहे, आणि त्याला एक पैसा लागत नाही. स्पिनिंग रीळ, म्हणजे रॉडच्या खाली लटकणारं, तारेचा बेल (दोरी अडवणारी-सोडणारी कमान) असलेलं, याचं हँडल जवळपास नेहमीच दुसऱ्या बाजूला लावता येतं. आधी रिळाची हँडलच्या विरुद्ध बाजू बघा. तिथे आरपार जाणाऱ्या स्क्रूचं डोकं असेल तर तो स्क्रू सोडवा, हँडल ओढून काढा, दुसऱ्या बाजूने घाला आणि स्क्रू उलट बाजूने परत लावा. तिथे नुसतं टोपण असेल आणि हँडलच्याच दांड्याला आटे असतील, तर टोपण काढून ठेवा आणि हँडल मागच्या दिशेने, म्हणजे दोरी गुंडाळतो त्याच्या उलट, फिरवत राहा. ते सुटून हातात येईल.

इथेच लोक रीळ मोडतात. डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, नाहीतर गुंडाळताना हँडल आपोआप सैल झालं असतं. आपल्या हाताला सवय असते घड्याळाच्या उलट फिरवून सोडवायची. तसं डावीकडे केलं की ते आणखी आवळतं, आणि जोर लावला की आटे झिजतात. म्हणून घड्याळ विसरा आणि 'गुंडाळण्याच्या उलट' एवढंच ध्यानात ठेवा, दोन्ही बाजूंना ते बरोबर ठरतं. जुन्या रिळाला मागे फिरू न देणारा खटका असतो, तो आधी लावा. दांड्यावर बऱ्याचदा जाड आणि बारीक असे दोन आटे असतात, एक उजव्या बाजूसाठी आणि एक डाव्या. घालताना अडकलं तर ढकलू नका, आटा जुळतोय का बघा. आजोबांचं रीळ खाडीच्या खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं वापरलेलं असणार, तेव्हा स्क्रू गंजून धरला असेल तर थोडं तेल सोडून रात्रभर ठेवा. हे सगळं घरी, परातीत करा. वॉशर केवढासा असतो, पुलावर हातातून पडला की गेला.

रॉडबद्दल दुकानदाराने चुकीचं सांगितलं. स्पिनिंग रॉडच्या कड्या खालच्या बाजूला एका रेषेत असतात, मूठ गोल असते, त्यात डावंउजवं काही नसतं. बेटकास्टरच्या रॉडला खाली बोटासाठी ट्रिगर असतो, तोही मधोमध. वेगळा रॉड मागवायचं कारणच नाही. आपल्या खाडीसाठी सात ते आठ फुटांचा मध्यम ताकदीचा रॉड, 4000 मापाचं रीळ, त्यावर 20 ते 30 पाउंडांचा ब्रेड (विणलेली दोरी) आणि पुढे 40 पाउंडांच्या तंगुसाचा (नायलॉनच्या दोरीचा) लीडर, म्हणजे लूरजवळचा शेवटचा तुकडा, एवढं पुरे. चोणकाच्या गालफडाची कड ब्लेडसारखी असते, त्यामुळे लीडरमध्ये काटकसर नको.

मात्र ती लिहिते डाव्या हाताने म्हणून फेकेलही डाव्यानेच असं धरून चालू नका. एक साधी परीक्षा घ्या. अंगणात रीळ न लावता नुसता रॉड तिच्या हातात द्या आणि दोन्ही हातांनी, दूर काहीतरी भिरकावल्यासारखा फिरवायला सांगा. काही समजावू नका, फक्त वर कुठला हात जातो ते बघा. दहा वेळांत आठ-नऊदा जो हात वर गेला, रिळाजवळ तोच धरायचा. खालचा हातही रिकामा बसत नाही, वरचा ढकलतो तेव्हा खालचा पोटाकडे ओढतो आणि लांब फेक त्या ओढण्यातून येते. माझा एक भाचा जेवतो डाव्या हाताने, पण रॉड उजव्यानेच सुंदर फेकतो. त्याला आम्ही काही बदलायला लावलं नाही.

बेटकास्टर घ्यावंच का? माझं मत, पहिलं वर्षभर नको. त्यात हँडल बदलता येत नाही, कारण दात्यांचा सगळा संच एकाच बाजूच्या पोटात असतो. एकदा घेतलं की तीच बाजू कायमची. शिवाय फेकताना अंगठ्याने स्पूल (दोरीची फिरकी) आवरायची सवय लागेपर्यंत दोरीचा असा गुंता होतो की मुलं कंटाळून नाद सोडतात. स्पिनिंगवर हात बसू दे. पुढे खारफुटीच्या मुळांत तांबसो मासा शोधायची हौस आली की मग बेटकास्टर घ्या, उजव्या हँडलचं.

काठावर उभं राहण्याबद्दल फारसं कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. उजवा माणूस रॉड उजव्या खांद्यावरून आणतो, डावखुरा डाव्या. रांगेत डावखुरा कुणाच्या उजवीकडे उभा राहिला तर दोघांचे रॉड दोघांच्या मधल्याच जागेत फिरतात, आणि तीन काट्यांचा गळ शेजाऱ्याच्या कानाजवळून जातो. पाण्याकडे तोंड करून रांगेच्या डाव्या टोकाला तिला उभं करा. रायबंदरच्या कॉजवेवर पाठीमागून गाड्या जातात, तिथे तर सुरुवात करूच नका. शिवोलीसारखा मोकळा, शांत काठ बरा.

वाऱ्याचंही तसंच. फेब्रुवारीनंतर दुपारी आपल्या किनाऱ्यावर वारा वायव्येकडून येतो. पश्चिमेला समुद्राकडे तोंड केलं की तो उजव्या गालावर लागतो आणि उजव्या माणसाचा लूर त्याच्याच डोक्याकडे ढकलतो. डावखुऱ्याचा लूर त्या वाऱ्यात शरीरापासून लांब जातो. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा आला की हेच उलटतं आणि तेव्हा तिला सांभाळावं लागेल. अशा वेळी रॉड डोक्यावरून न आणता छातीपुढून, उजव्या खांद्याच्या बाजूने आणायचा. फेक थोडी आखूड पडते, पण डोळा वाचतो. टोपी आणि चष्मा मात्र बारा महिने.

उरलेलं थोडक्यात. पक्कड कमरेला उजवीकडे लावा, कारण मासा लागल्यावर तिचा मोकळा हात उजवा असेल. गाठींची चित्रं उजव्या हातांसाठी काढलेली असतात, तिने आरशात बघितल्यासारखी उलटी बांधली तरी गाठ तितकीच घट्ट बसते. हँडलची बाजू बदलली म्हणून दोरी नव्याने भरायची गरज नाही, रोटर (दोरी गुंडाळणारा फिरता भाग) त्याच दिशेने फिरतो. घरी आल्यावर ड्रॅग (दोरीचा ब्रेक) आवळून रीळ गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली धुवा, पुसा आणि ठेवताना ड्रॅग परत सैल करा.

आजोबांना ही बाजू बदललेली आवडली नाही तर त्यांना त्यांची जुनी हातगरी (हाताने धरायची गळाची दोरी) आठवून बघायला सांगा. तिला हँडलच नव्हतं. पागेर (फेकजाळं) मारणारा डावखुरा असला तर तोही फक्त दोरी दुसऱ्या मनगटाला बांधतो, बाकी जाळं तेच.

रीळ उघडताना कुठे अडलं तर दोन्ही बाजूंचे फोटो टाका. मॉडेल जुनं असलं तरी आटे बघून सांगता येईल.