वस्तीचा नकाशा काढून लेकरांना अंगणवाडी मिळते का?

तुम्ही विचारलंय की नागपुरात रिंग रोडपलीकडच्या तुमच्या वस्तीतली तीन ते सहा वर्षांची बरीच मुलं अंगणवाडीत जात नाहीत, तर वस्तीचा नकाशा काढून काही फरक पडेल का. पडेल. फक्त तो नकाशा अंगणवाड्यांचा नको, मुलांचा हवा. नुसते अंगणवाड्यांचे ठिपके लावले की सगळं ठीकच दिसतं.

पूर्व आणि उत्तर नागपुरातल्या वस्त्यांमध्ये मी हे काम बायकांसोबत केलं आहे. कागदावर अंगणवाडी जवळच असते. पण मधे रिंग रोडवरचे ट्रक असतात, कुठे रेल्वेचे रूळ, कुठे पावसाळ्यात भरून वाहणारा नाला. चार वर्षांचं लेकरू ते ओलांडून एकटं जाणार कसं? आई सकाळीच कामावर निघालेली असते. मोठी बहीण सोडायला गेली तर तिची शाळा बुडते. म्हणून अंतर सरळ रेषेत मोजू नका, लेकराचा हात धरून कोणत्या वाटेनं जावं लागतं ते काढा.

सुरुवात मोठ्या कागदावर करा. गल्ल्या, नळ, मंदिर, विहार, किराणा दुकान हे बायका भराभर सांगतात. मग ज्या घरात लहान मूल आहे तिथे टिकली लावा : अंगणवाडीत जाणाऱ्याची हिरवी, पैसे भरून कॉन्व्हेंटमध्ये जाणाऱ्याची पिवळी, कुठेच न जाणाऱ्याची लाल. लाल टिकल्या कुठे दाटल्यात ते मग सगळ्यांनाच दिसतं. पिवळ्यांकडेही नीट बघा. धुणीभांडी करणारी आई नर्सरीची फी भरते, कारण अंगणवाडीत नुसती खिचडी मिळते, शिकवत नाहीत, असं तिला वाटतं. ही गैरसोयच आहे, तिला हौस म्हणू नये.

सगळ्यात जास्त सुटतात ती भाडेकरूंची आणि बांधकामावरच्या मजुरांची मुलं. छत्तीसगड, मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडून आलेली कुटुंबं अर्धवट इमारतीतच राहतात, काम संपलं की पुढच्या साइटवर जातात. कोणत्याच यादीत ती टिकत नाहीत. तुमच्या भागातल्या साइट्सवर मुद्दाम जाऊन विचारा, अंगणवाडी सेविकेलाही सोबत घ्या. ती विरोधात नसते, उलट तिचं रजिस्टर आणि तुमचा कागद जुळवताना बरंच कळतं. आणि अंगणवाडी चालू असताना आत जाऊन बघा. भाड्याच्या एका खोलीत मुलं, धान्याची पोती आणि वजनकाटा एकत्र असेल, तर नकाशावर केंद्र असूनही मुलांना बसायला जागा नाही.

पुढे फोनवर ओपनस्ट्रीटमॅपमध्ये, म्हणजे कुणालाही भर घालता येते अशा इंटरनेटवरच्या खुल्या नकाशात, गल्ल्या आणि केंद्रं भरता येतात. मुलांची नावं, घरं मात्र तिथे टाकू नका, ती कागदावरच राहू द्या.

आता कायद्याची बाजू. अंगणवाड्या ज्या योजनेतून सुरू झाल्या, ती एकात्मिक बालविकास सेवा योजना 1975 पासून आहे आणि साधारण 400 ते 800 लोकसंख्येला एक अंगणवाडी हा निकष आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 13 डिसेंबर 2006 च्या आदेशानुसार, ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान 40 मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केली तर तीन महिन्यांच्या आत केंद्र मिळायला हवं. झोपडपट्ट्यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. लक्षात घ्या, मोजणी सहा वर्षांखालच्या सगळ्यांची आहे, म्हणून तान्ही बाळंही धरा. तुमच्याकडे नाल्यापलीकडे केंद्र असेल तर अधिकारी म्हणतील, अंगणवाडी आहेच की. तिथे तुमची वाट दाखवणारा नकाशा कामी येतो.

अर्ज या योजनेच्या तुमच्या भागातल्या नागरी (शहरी) प्रकल्पाच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे द्या. सोबत नकाशा, घरनिहाय यादी आणि आयांच्या सह्या जोडा. एक प्रत आपल्या नगरसेवकाला. आणि तारीख-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका, कारण तीन महिने मागणीच्या तारखेपासून मोजायचे आहेत.